मोडनिंबची मोड

जुनी गाडी दारात उभी असलेल्या माणसाला सल्ला देण्याचा मूलभूत हक्क घटनेनं प्रत्येक भारतीय नागरिकाला दिलेला आहे, अशी निदान मोडनिंबात तरी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या दारात जीप आहे. त्यामुळे पहाटेच्या दूधवाल्यापासून हा हक्क बजावणाऱ्यांची आमच्याकडे रीघ असते. दूधवाला म्हणतो, "सायेब, इकून टाका, दोन म्हशी येतील." न्हावी म्हणतो, "ठिवा. जुन्याला आता लई भाव आलाय." पोस्टमन काही बोलत नाही, नुसता जीपकडे आणि मग माझ्याकडे पाहतो, आणि दोघांत जास्त जुनं कोण याचा त्याला उलगडा होत नसावा. बँकेत तर विचारूच नका. पासबुक भरून घ्यायला आलेला खातेदार स्वतःची शिल्लक बघायच्या आधी काउंटरच्या काचेत तोंड घालून विचारतो, "मग, जीपचं काय ठरलं?"

ठरलं ते असं, आणि ते आज जाहीर करून टाकतो : जीप विकायची नाही.

आता यावर निम्मं गाव टाळ्या वाजवील आणि निम्मं कपाळाला हात लावील. पण माझं भांडण दोन्ही निम्म्यांशी आहे. विकायला सांगणाऱ्यांची कारणं मला पटत नाहीत, आणि ठेवायला सांगणाऱ्यांची तर त्याहून पटत नाहीत. मोडीत घालायचा विषय निघाला म्हणजे आधीच आम्ही बिचकतो, कारण गावाच्या नावातच 'मोड' आहे. पण मोड म्हणजे काय आणि निंब म्हणजे काय, याचा एकदा हिशेब व्हायला हवा. मी बी.कॉम. आहे. हिशेबाला भीत नाही.

प्रथम मालमत्तेचं वर्णन. जीप १९६८ सालची, पेट्रोलवर चालणारी, सीजे-थ्री-बी जातीची. ही जात ओळखायची खूण म्हणजे उंच बॉनेट. तिच्यात बसवलेलं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच, त्यामुळे टोपणही उंच करावं लागलं, आणि त्यापायी तिचा चेहरा कायम भुवया वर करून 'काय म्हणता?' असं विचारत असल्यासारखा दिसतो. अमेरिकेत ही जात १९५३ साली निघाली आणि १९६८ साली बंद झाली. मुंबईत मात्र ती त्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिली. आपल्याकडे एखादी गोष्ट सुरू व्हायला वेळ लागतो, पण एकदा सुरू झाली की बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

ती काढणाऱ्या कंपनीची कथा तर आम्हा भावाभावांनी भिंतीवर लावावी अशी आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी मिळून 'महिंद्र अँड मोहम्मद' काढली. दोन वर्षांत देशाचीच वाटणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे कंपनीनं १९४८ साली नाव केलं 'महिंद्र अँड महिंद्र'. म्हणजे 'एम अँड एम' होतं तसंच राहिलं. इतकी मोठी वाटणी झाली, पण आद्याक्षराला धक्का नाही! आमच्याकडे एका जीपच्या वाटणीत तीन वर्षं चाललेली बोलणी पाहता मला त्या मंडळींबद्दल अपार आदर वाटतो.

ही जीप आमच्या आण्णांनी १९७५ साली, उजनी धरणाच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडून नऊ हजारांना घेतली. आता आण्णा नाहीत, ठेकेदार नाही, धरण आहे आणि जीप आहे. पैकी धरण विकायला अजून कुणी सांगत नाही.

विक्रीपक्षाचे पुढारी आमचे थोरले बंधू. ते पुण्यात असतात. पुण्यात राहणाऱ्या माणसाला मोडनिंबातल्या प्रत्येक वस्तूची किंमत ठाऊक असते. मागच्या दिवाळीत ते म्हणाले, "हे बघ, भावनेच्या आहारी जाऊ नकोस. आकडे बघ. तू बँकेत आहेस ना?"

बँकेतल्या माणसाला आकडे बघ म्हणणं म्हणजे बैलाला कडबा दाखवणं. मी त्याच रात्री कागद घेतला आणि घसारा काढला. घटत्या बाकीच्या पद्धतीनं, दरसाल पंधरा टक्के, मूळ किंमत नऊ हजार, काळ पन्नास वर्षं. उत्तर आलं २ रुपये ६६ पैसे. ज्यांनी वाणिज्य शाखेकडे कधी ढुंकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, या पद्धतीची गंमत अशी की बाकी कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. म्हणजे आमची जीप जगाच्या अंतापर्यंत मालमत्ता म्हणून खात्यावर राहणार, फक्त पैशांपुढे आणखी टिंबं द्यावी लागणार. मी बंधूंना सांगितलं, "दादा, तुझा निम्मा हिस्सा एक रुपया तेहतीस पैसे. रोख देऊ का खात्यात टाकू?"

दादा हसले नाहीत. कारण त्यांच्याकडे दुसरा आकडा होता. पुण्याचा एक गिऱ्हाईक अडीच लाख द्यायला तयार होता.

आता खरा हिशेब मांडू. लपवायचं काही नाही. जीप वर्षाला बाराशे किलोमीटर फिरते. लिटरला आठ किलोमीटर म्हणजे दीडशे लिटर, पेट्रोलचे झाले १५,७५० रुपये. विमा जीएसटीसकट ९,३००. मिस्त्री, टायर आणि किरकोळ रुसवेफुगवे मिळून १२,०००. नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर पाच वर्षांवर वाटून ३,०००. एकूण ४०,०५०. त्यावर अडीच लाखांच्या ठेवीचं साडेसहा टक्क्यांनी बुडालेलं व्याज १६,२५०. बेरीज ५६,३००. म्हणजे महिना चार हजार सातशे रुपये आम्ही त्या भुवया वर केलेल्या बाईसाहेबांना पोसायला घालतो. विक्रीपक्षाला माझ्याकडून याहून चांगला वकील मिळायचा नाही. नुसतं कागदावर बघायचं तर दादांचं बरोबर आहे.

शिवाय सरकार दादांच्या बाजूचं आहे. कायद्यानं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. मग दर पाच वर्षांनी तिला तपासायला न्यायचं आणि आणखी पाच वर्षं मागून घ्यायची. या मागण्याची फी पूर्वी सहाशे रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली, उशीर केला तर महिन्याला पाचशे दंड. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती दहा हजार झाली. १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण जाहीर केलं. त्यात मोडीचं मूल्य नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के, आणि नवी घेतली तर करात सवलत. एखाद्याला घराबाहेर काढायचं असलं की आधी त्याच्या जेवणाचं ताट महाग करायचं, मग दाराशी पेढा ठेवायचा, तसं हे आहे.

आणि पन्नाशी ओलांडलेल्या गाडीसाठी तर त्याच २०२१ साली वेगळा नियम आला. मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, नंबरात 'व्हीए' ही खास अक्षरं, दहा वर्षं बिनघोर. फक्त एकच अट : ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती असल्या कारणांसाठीच बाहेर काढायची. म्हणजे पेट्रोल भरायला जायचं आणि ते पेट्रोल जाळायचं ते पुन्हा पेट्रोल भरायला जाण्यासाठी. मला आमच्या गावातल्या काही सत्कारमूर्ती आठवल्या. हार घालायचा, व्यासपीठावर बसवायचं, काम मात्र सांगायचं नाही.

पेट्रोलवरून आठवलं. २०२५ सालापासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. इथेनॉल येतं उसापासून, आणि ऊस तर आमच्याच जिल्ह्यात रानोमाळ उभा. म्हणजे आमच्याच रानातला ऊस कारखान्यात जातो, तिथून पंपावर येतो आणि आमच्याच जीपची नळी खातो. मिस्त्रींनी गेल्या वर्षी दोन नळ्या बदलल्या आणि म्हणाले, "मालक, हिला आता दारू सोसत न्हाई. वय झालं." मी नव्या जातीच्या नळ्या बसवून घेतल्या.

धुराचं आणि धोक्याचं बोलणाऱ्यांना मी हसणार नाही. जुनं इंजिन नव्याहून जास्त धूर सोडतं हे खरं. सीटबेल्ट नाही, एअरबॅग नाही, ब्रेक दाबल्यावर थांबायचं की नाही याचा ती क्षणभर विचार करते, हेही खरं. म्हणून ती पुणे-सोलापूर महामार्गावर चौखूर उधळायला आम्ही काढतच नाही. पण धूर मोजायचा तो गाडीच्या जन्मसालावर की ती किती फिरते त्यावर? बाराशे किलोमीटर ही दादांची नवी गाडी हिंजवडीच्या वाहतुकीत महिन्याभरात फिरते, आणि त्यातला बराच वेळ उभी राहून फिरते. वय बघून शिक्षा सुनावणारा कायदा माझ्यासारख्या पंचेचाळिशीतल्या कारकुनाला धडकी भरवतो. उद्या बँकेनं ठरवलं की पंधरा वर्षं सेवा झालेल्याची दर पाच वर्षांनी तपासणी, तर माझी डावी बाजू पासिंगला निघायची नाही.

आता ते अडीच लाखांचे गिऱ्हाईक. ते एकदा बघायला आले. गॉगल, अर्धी चड्डी, गळ्यात कॅमेरा. जीपभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. मी म्हटलं, घेऊन काय करणार? म्हणाले, "पूर्ण तयार करणार. रुंद टायर, नवं डिझेल इंजिन, वर दिव्यांची रांग, काळा रंग." मी म्हटलं, मग आमचं त्यात राहणार काय? ते म्हणाले, "कागदपत्रं!" अडीच लाख रुपये हे कागदपत्रांचे होते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असा मनमानी बदल करू देत नाही, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं, हे मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "सगळे करतात." आणि एवढं करून ती चिखलात घालणार का, म्हटल्यावर दचकले. "छे! पेंट खराब होईल." चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला चिखल बंद करणं म्हणजे म्हशीला डबकं बंद करणं.

इथवर वाचून ठेवणारा पक्ष खुशीत आला असेल. त्यांच्या पुढारी आमच्या आत्या. त्यांचा एकच मुद्दा आणि तो पदरानं डोळे पुसत मांडलेला : "आण्णाची आठवण आहे रे ती बाळ. इकू नको." बरं, नाही विकत. पण पुढचं वाक्य : "आणि चिखलातबिखलात घालू नको तिला. निंबाखाली झाकून ठेव. दसऱ्याला हार घाल." या आत्यांनी आण्णांच्या आठवणीसाठी आजतागायत एक लिटर पेट्रोल घातलेलं नाही. हा पक्ष मला विक्रीपक्षाहून धोक्याचा वाटतो. आमच्या तालुक्यात दर चार घरांमागे एका घरी निंबाखाली अशी एक आठवण झाकून ठेवलेली आहे. कुठे जीप, कुठे राजदूत, कुठे ट्रॅक्टर. पहिल्या वर्षी ताडपत्री, दुसऱ्या वर्षी कोंबड्या, तिसऱ्या वर्षी बॅटरी चोरीला, पाचव्या वर्षी पत्र्यातून एरंड उगवतो. आणि दहाव्या वर्षी भंगारवाला किलोवर नेतो तेव्हा सगळं घर ओसरीवर उभं राहून हळहळतं. सरकार जे दहा हजार फी लावून करतं, तेच आपण हार घालून करतो. आण्णांनी ही जीप घेतली ती स्वतःची आठवण राहावी म्हणून नव्हे. पावसाळ्यात रानात जाता यावं म्हणून.

आणि सगळा मुद्दा इथेच आहे. आमचं रान ओढ्यापलीकडे. तिथे पंधरा-वीस घरांची वस्ती. डांबरी रस्त्यापासून तिथवर अडीच किलोमीटर पाणंद, आणि माती काळी. काळ्या मातीची ओळख नसलेल्या पुणेकरांसाठी सांगतो, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्यात माणसाचा हात जातो, आणि पावसाळ्यात ती माणसाची चप्पल ठेवून घेते, मागाहूनही परत करत नाही. मोटारसायकलचं चाक तिच्यात शंभर पावलं फिरतं आणि मग चाक कुठलं आणि माती कुठली हे कळत नाही. बैलगाडी पूर्वी निघायची, पण आता बैल कुणाकडे आहेत?

२०१७ च्या पावसाळ्यात एका रात्री वस्तीवरची एक लेक बाळंतपणाला अडली. १०८ ला फोन गेला. ती गाडी आली, ठरल्या वेळेत आली, आणि डांबरी रस्त्याच्या कडेला दिवा फिरवत उभी राहिली. तिचा काही दोष नाही. रस्ता संपला तिथे ती थांबली. पुढचे अडीच किलोमीटर कुणाचे, हे कुठल्याच योजनेत लिहिलेलं नव्हतं. ते आमच्या जीपचे होते. सेल्फ रुसलेला, मी हँडल मारलं, छोट्या दोन दांड्या ओढून चारही चाकं जोडली आणि माणसाच्या चालीनं गेलो आणि त्याच चालीनं आलो. मागे दोन बायका त्या पोरीला धरून बसलेल्या. सबंध वाटेत कुणी मला सल्ला दिला नाही, हे मुद्दाम नमूद करतो. पोर सुखरूप झालं. ते आता तिसरीत आहे, रविवारी येऊन आमच्या बॉनेटवरून घसरगुंडी खेळतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. माढा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं, लांबोटीजवळ महामार्गावरची वाहतूक बंद ठेवावी लागली. जीप म्हणजे काही होडी नव्हे, पुरात तिचा उपयोग शून्य. पण पाणी ओसरल्यावर जो राहतो तो चिखल. तिथे कडब्याच्या पेंढ्या आणि भाकरीची गाठोडी घेऊन ती आठ दिवस फिरली. ट्रक सडकेवर उभे राहायचे आणि ही आत जायची. त्या आठ दिवसांत तिच्या जन्मसालाची चौकशी कुणी केली नाही.

आता माझ्या त्या ५६,३०० च्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात मांडू? खर्च माझ्या वहीत पडतो आणि जमा वस्तीच्या वहीत. दादा ताळेबंद बघतात तो आमच्या घराचा, म्हणून तोटा दिसतो. वस्तीचा ताळेबंद कुणी मांडलेलाच नाही. विकली तर अडीच लाख आम्हा दोघा भावांना मिळतील, पण किंमत मोजतील ती वीस घरं, आणि त्यांना विचारलंय कुणी?

दादांनाही दोष देत नाही. त्यांच्या मुलीची कॉलेजची फी भरायची आहे आणि जीपमध्ये त्यांचा निम्मा हिस्सा आहे. हिस्सा म्हणजे हिस्सा. तेव्हा मी कर्मचारी पतसंस्थेतून सव्वा लाखाचं कर्ज काढलं आणि त्यांचा हिस्सा त्यांच्या खात्यात टाकला. आमची मंडळी आठ दिवस बोलत नव्हती. वस्तीवरच्या लोकांना कळलं तेव्हा त्यांनी ज्वारीची दोन पोती आणून टाकली आणि म्हणाले, "पावसाळ्याच्या पेट्रोलचं आमी बघतो. तुमी फकस्त इकू नका." ज्वारी घरात आल्यावर मंडळी बोलू लागली.

मला जुन्याचा पुळका आहे असं मात्र कुणी समजू नये. कुर्डुवाडीहून पंढरपूरला १९०६ साली बार्शी लाइटची छोटी गाडी सुरू झाली, ती आमच्या मोडनिंबवरून जायची. माझं बालपण तिच्या शिट्टीवर गेलं. ती बंद झाली तेव्हा मी एक टिपूसही गाळलं नाही, कारण तिच्या जागी ब्रॉडगेज आली. जुन्याचं काम नवं करू लागलं की जुन्यानं खुशाल जावं, हा सृष्टीचा नियम आहे आणि बढत्यांचाही. पण काम करणारं दुसरं काही न आणता जुन्याला फक्त वयाचा दाखला दाखवून हाकलायचं, आणि वर त्याला प्रगती म्हणायचं, याला माझा विरोध आहे.

शासनाकडे पाणंद रस्त्यांची योजना आहे. 'मातोश्री' या नावानं ती २०२१ साली जाहीर झाली, नाव चांगलं आहे. ओढ्यापलीकडची अडीच किलोमीटर पाणंद त्यात घ्या. खडी टाका, दाबा, ओढ्यावर मोरी बांधा. आणि भर पावसात, अमावास्येच्या रात्री, १०८ ची गाडी वस्तीवरच्या शेवटच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ दे. ज्या दिवशी ती जाईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या कितीही रडल्या तरी मी जीप काढीन आणि स्वतः मोडीत नेऊन घालीन. भंगारवाल्यानं क्रेन पाठवायची तसदी घेऊ नये. ती आपल्या चाकांवर येईल.